आढ्याची वाघर, ओढ्याचा सापळा

गावाकडच्या घरात मधल्या सोप्यात उभं राहून मान वर केली की आढ्याजवळच्या खुंटीला अडकवलेली वाघर, म्हणजे शिकारीचं जाळं, दिसते. अंबाडीच्या दोरीची, हातानं विणलेली, चुलीच्या धुरानं काळी पडलेली. तिचे डोळे एवढे मोठे की लहानपणी माझी मूठ त्यातून आरपार जायची. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी ती विणली. घराची कौलं दोनदा बदलली, सारवलेल्या जमिनीवर शहाबादी आली, चूल गेली आणि गॅस आला, पण वाघर खाली काढायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

ती उतरलेली मी एकदाच पाहिली. सात-आठ वर्षांचा असेन. भात निघालं होतं, नाचणी निघाली होती, रान मोकळं झालं होतं. पहाटे सात-आठ माणसं आणि तीन कुत्री निघाली, आणि रडून-भेकून मीही त्यांच्या मागं. दोन बांधांच्या मधल्या वाटेवर वाघर उभी केली. बाकीच्यांनी खालून झुडपं बडवत हाका घातला. ससा पळताना मला दिसलाच नाही. जाळं हललं, कुणीतरी ओरडलं, आणि झालं. दुपारी रस्सा शिजला. त्याची चव आज अजिबात आठवत नाही. आठवतात ते आबांनी घातलेले वाटे. पळसाच्या पानांवर एकसारखे, कुणाला तुकडा जास्त नाही की कमी नाही. जेवढी माणसं रानात गेली तेवढे वाटे, आणि वर एक. तो वरचा वाटा गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे माझ्याच हातानं पाठवला.

तो गुन्हा होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, आणि मी सांगतोय ती गोष्ट त्यानंतर दहा-बारा वर्षांनी घडलेली. पाटण तालुक्यातल्या आमच्या खोऱ्यात तेव्हा त्याची कुणी वाच्यता करत नव्हतं, पण म्हणून तो गुन्हा नव्हता असं होत नाही. पुढं आबा थकले, कुत्री मेली, मी शिकायला साताऱ्याला आलो आणि तिथंच नोकरीला लागलो.

पंचेचाळिशी उलटल्यावर मला एका गोष्टीनं घेरलं. मी जन्मभर मांसाहारी. दर रविवारी दुकानासमोर रांगेत उभा राहतो, काळ्या पिशवीत किलोभर चिकन घेतो आणि घरी येतो. आत पिंजऱ्यातनं कोंबडी काढताना, कापताना मी नेहमी मोबाइलमध्ये बघत असतो. एवढ्या वर्षांत माझ्या ताटात शेकडो जीव आले आणि त्यातला एकही मी माझ्या हातानं मारलेला नाही. हे मला लाजिरवाणं वाटायला लागलं. खायचं सोडावं, किंवा निदान एकदा स्वतः पकडून, स्वतः मारून, स्वतः शिजवून खावं. मी दुसरं ठरवलं. आणि पहिल्यांदा आठवली ती वाघर.

वाघर आठवली तरी ती उतरवायची नाही, एवढं मला माहीत होतं. बाकी काय चालतं ते विचारायला मी गावाकडच्या वनरक्षकाला गाठलं. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. ससा नाही, तित्तर नाही, लावरी नाही, साळिंदर नाही, घोरपड तर नाहीच नाही, ती पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कायद्यातल्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. तिला मारलं तर किमान ३ वर्षं आणि कमाल ७ वर्षं कैद. मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. कायद्यात ‘शिकार’ या शब्दात मारणं येतं, पकडणं येतं, फास लावणं, सापळा लावणं, आमिष टाकणं येतं, आणि यातलं काहीही करायचा प्रयत्नसुद्धा येतो. पक्ष्याची अंडी फोडणंही येतं. ‘फास लावला आणि काही सापडलं नाही, तरी गुन्हा पुरा झाला,’ ते म्हणाले. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूची बदलल्या, १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू झाल्या, पण खाण्यासाठी रानातला प्राणी मारायची वाट उघडली असं काही झालेलं नाही.

मी रानडुकराचं विचारलं. आमच्याकडे डुकरं भुईमुगाचं नि मक्याचं रान एका रात्रीत नांगरून टाकतात, हे कुणालाही माहीत आहे. पिकाची नासधूस होत असेल तर वनखातं ठरावीक अटींवर लेखी परवानगी देऊ शकतं, हे खरं. पण असा मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता असतो. मारायची मुभा मिळू शकते, ताटात घ्यायची मिळत नाही. हे कळल्यावर माझ्या डोक्यातला गोंधळ मिटला. पीक राखणं आणि पोट भरणं या दोन गोष्टी कायद्यानं वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि मला ते योग्य वाटतं. डुकराच्या मटणाला बाजार मिळाला तर नुकसानीचं कारण सांगून किती रानं उठतील, याचा विचारही नको वाटतो.

आत्तासुद्धा क्लचवायरचे फास लावणारे आहेतच. मोटारसायकलची जुनी क्लचवायर, तिचा सरकता फास, डुकराच्या वाटेवर. तो फास समोर कोण आलंय ते बघत नाही. त्यात बिबट्या अडकतो, कुत्रं अडकतं, भेकर अडकतं. वायर पोटाला आवळत जाते आणि जनावर रात्रभर ओढत राहतं. आमच्या शिवाराच्या वर सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली तो झाला, सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा. त्याच्या पायथ्याशी राहून असले फास लावणाऱ्याविषयी माझ्या मनात जराही माया नाही.

फाशाचं नाव निघालं की मला फासेपारधी आठवतात. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या फास विणून तित्तर-लावऱ्या धरल्या आणि त्यावर लेकरं जगवली, त्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याची सोय करून जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो शिक्का कागदावर पुसला गेला. वीस वर्षांनी रानही बंद झालं. रान बंद व्हायला हवंच होतं, पण त्यांच्या हातातलं काम गेलं तेव्हा दुसरं काम देणारं कुणी पुढं आलं नाही. माझ्यासारखा पगारदार माणूस हौसेनं ‘शिकार शिकतो’ म्हणतो तेव्हा हे विसरून चालणार नाही.

मग उरलं काय? हा प्रश्न मी नानांना विचारला. नाना माझे चुलत चुलते. सत्तरी पार केलेली, पाय अजून काटक. ते आबांच्या हाक्यात कायम असायचे.

‘ससा गेला ते बरंच झालं,’ नाना म्हणाले. ‘आता दिसतोय तरी कुटं? पर वड्याला खेकडं हायत की. चिलापी हाय. तुला धरायचंच आसंल तर ते धर. पर आदी पानी बगाय शिक.’

ओढ्यातला साधा काळा-तपकिरी खेकडा आणि नेहमीचे खाण्याचे मासे धरायला वन्यजीव कायदा आड येत नाही. पण अटी आहेत आणि त्या मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण नव्या माणसाचा पाय इथंच घसरतो. अभयारण्याच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मासा-खेकडाही धरायचा नाही. आमचा ओढा वरच्या अंगाला जंगलातून येतो. नानांनी मला एक जांभळाचं झाड दाखवलं आणि म्हणाले, याच्या वर जायचं नाही. धरणाचं पाणी आणि पाझर तलाव बहुधा मच्छीमार सोसायटीला ठेक्यानं दिलेले असतात, तिथं त्यांना विचारल्याशिवाय गळसुद्धा टाकायचा नाही. ती त्यांची रोजीरोटी आहे. कासव जाळ्यात आलं तर त्याच पावली सोडायचं. आणि सुरुंग, विष, करंट यातलं काहीही नाही. १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून पाण्यात स्फोटक नि विष टाकायला बंदी आहे, तरीही उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग पावडर टाकणारे महाभाग आहेतच. त्यानं मासा मरतो, खेकडा मरतो, बेडकाचं पिल्लू मरतं, पाण्यातला किडा मरतो. जुन्या लोकांना निर्दोष ठरवायचं मला काही कारण नाही. रामेठ्याची साल आणि गेळफळं ठेचून डोहात टाकायची पद्धत आमच्याही भागात होती. जुनं म्हणून ते चांगलं होत नाही.

खाली कृष्णाकाठची गोष्ट निराळी. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. नव्या माणसानं तिथल्या पाण्यात हात घालायचं धाडस करू नये. आणि सांगलीजवळ मेलेल्या माशांचा खच काठाला लागलेला ज्यानं पाहिला, तो कुठल्या पाण्यातला मासा खायचा हे दहादा विचारेल. मी वाहत्या, वर गाव नाही, कारखाना नाही, फवारणीचा ऊस नाही अशा ओढ्यापुरतं बोलतोय.

पहिला वाद नानांशी झाला तो चढणीच्या माशांवरून. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्याला लाल पाणी येतं आणि नदीतले मासे त्या पाण्याच्या उलट दिशेनं वर चढतात. शेताच्या बांधावरून, चिखलातून, हातभर पाण्यातून उड्या मारत. त्या रात्री अख्खं गाव बत्त्या घेऊन ओढ्यात असतं. पोत्यांनी मासे येतात. आणि जवळजवळ प्रत्येक मादीच्या पोटात गाभोळी असते, कारण ती वर चढते तीच अंडी घालायला. लहानपणी ती गाभोळी तव्यावर परतून खाताना मी कधी विचार केला नव्हता. आता मी नानांना म्हणालो, ‘नाना, चढणीचं मी धरणार नाही.’

नाना गप्प झाले. मग म्हणाले, ‘आरं, वर्साला एकदाच येतं ते. आमी काय रोज धरतो व्हय?’

‘वर्षाला एकदाच येतं म्हणूनच की.’

त्यांना ते पटलं नाही आणि मी रेटलंही नाही. पण श्रावणाचा दाखला देणाऱ्यांना मला सांगायचंय. श्रावण हा माशांच्या विणीसाठी पाळलेला महिना आहे, असं दर वर्षी आपल्याला वाचायला मिळतं. आमच्या ओढ्यात तरी चढण मृगात नि आर्द्रात होते. श्रावण लागतो तोवर अंडी कधीच घालून झालेली असतात, किंवा आखाडात तळून झालेली असतात. श्रावण पाळावा, मीही पाळतो, पण जून पाळला तर ओढ्याला जास्त उपयोग होईल.

तर मी सुरुवात केली ती गौरी-गणपती उरकल्यावर, भाद्रपदात. पाणी निवळलं होतं, गुडघ्याएवढं होतं, तळाचे गोटे दिसत होते.

सापळा मी बुरुडाकडून करून घेतला. तयार मिळत नव्हता. त्यांनी आधी विचारलं, ‘डालगं नको का? डालगी न्हेत्यात लोकं.’ मग मी कागदावर काढून दाखवलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, कागद ठेवा, येतंय मला. दोन तास मी समोर बसून होतो. ओल्या बांबूच्या कामट्या, बोटाएवढ्या रुंद, दोन्ही कडा कोयत्यानं तासलेल्या. हातभर लांबीची, मागं निमुळती होत गेलेली टोपली. खरी गंमत तोंडात असते. तोंडातून आत दुसरं एक छोटं तोंड विणलेलं असतं, नरसाळ्यासारखं, आणि त्याच्या आतल्या टोकाला कामट्या मोकळ्या सोडलेल्या, टोकं आतल्या बाजूला. खेकडा ढकलून आत शिरतो तेव्हा त्या कामट्या लवतात. परत फिरला की तीच टोकं त्याच्या समोर येतात. मी हात घालून बघितला. जाताना हात लोण्यातून गेल्यासारखा गेला, काढताना मनगटावर चार ओरखडे उठले. बुरूड म्हणाले, ‘आता समजलं खेकड्याला काय वाटतं ते.’ ते सहज बोलले, पण ते वाक्य मी घरी घेऊन आलो.

लावायची रीत नानांनी शिकवली. ओढा जिथं दोन मोठ्या गोट्यांमधून अरुंद होऊन धार धरतो, तिथं. खेकड्यासाठी सापळ्याचं तोंड पाणी जातं त्या बाजूला करायचं, कारण आमिषाचा वास पाण्याबरोबर खाली जातो आणि खेकडा त्या वासाच्या मागानं वर येतो. आमिष म्हणजे कोंबडीची आतडी, फडक्यात बांधलेली, म्हणजे एकाच खेकड्यानं फस्त करू नयेत. दोन्ही बाजूंनी दगड रचून बारीक वाटा बुजवायच्या, वर एक चपटा दगड. संध्याकाळी लावायचा आणि उजाडायच्या आत उचलायचा. बिळात हात घालायचा नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. खेकड्याच्या रिकाम्या बिळात दुसरंच कुणी मुक्कामाला असतं.

पहिल्या सकाळी सापळ्यात पाच होते. उचलला तेव्हा आतून कामट्यांवर नखं घासल्याचा आवाज येत होता, कोरड्या पानांत पाऊस पडावा तसा. नानांनी एकेक बाहेर काढला: वरून कवचावर काठी दाबायची आणि मागच्या बाजूनं अंगठा नि दोन बोटांत धरायचा, म्हणजे नांग्या पोचत नाहीत. त्यातल्या चौथ्याला त्यांनी उलटा केला आणि माझ्यासमोर धरला.

खेकड्याच्या पोटाला एक झाकण असतं. नराचं अरुंद, त्रिकोणी. मादीचं रुंद, पोटभर पसरलेलं. ही मादी होती. नानांनी झाकणाची कड नखानं अलगद उचलली. आत पिलं होती. तुरीच्या डाळीपेक्षा बारीक, पारदर्शक पिवळट, पण प्रत्येक पूर्ण खेकडा: आठ पाय, दोन नांग्या, दोन काळे ठिपके डोळ्यांचे. एकमेकांवर चढत होती. एकदोन नानांच्या अंगठ्यावर आली, त्यांनी ती पुन्हा आत सरकवली. समुद्रातल्या खेकड्याची मादीही अंडी पोटाशीच धरते, पण ती लाखांनी असतात, त्यातून डिंभ, म्हणजे खेकड्यासारखी न दिसणारी बारीक पिलं, निघतात आणि लाटांवर वाहत जातात. ओढ्यातल्या खेकड्याला ती चैन नाही. डिंभ वाहून गेले तर संपलेच. म्हणून ही मादी थोडीच पण मोठी अंडी घालते, ती पोटाशी धरते, आणि अंड्यातून थेट खेकडेच बाहेर येतात. काही दिवस तिच्याच पोटाशी राहतात. बहुतेक माद्या हे पावसाच्या सुरुवातीला उरकतात. ही उशिराची असावी.

‘ही सोडायची,’ नाना म्हणाले. चढणीच्या माशाला न लावलेला नियम ते इथं लावत होते, आणि आबांच्या वेळेपासून लावत होते. का, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘लेकुरवाळी हाय न्हवं का.’ त्यांनी तिला काठाच्या उथळ पाण्यात दगडाआड ठेवलं. ती लगेच पळाली नाही. नांग्या वर करून तशीच बसली.

रंगीत खेकडेही सोडायचे, हे मी माझं वाढवलं. झाडाच्या ढोलीत, पठारावरच्या कातळाच्या फटीत राहणारे जांभळे-केशरी खेकडे सह्याद्रीत आहेत. त्यांच्यासाठी २०१४ साली ‘घाटियाना’ अशी नवी प्रजातीच (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा अख्खा गट) शास्त्रज्ञांनी नोंदवली. अजून ज्यांची नावं पुरती ठेवून झालेली नाहीत त्यांना पातेल्यात टाकायला माझा हात धजणार नाही.

चार खेकडे ओल्या पोत्यात घालून घरी आणले. बादलीभर पाण्यात ठेवू नयेत, साचलेल्या पाण्यात ते गुदमरतात. ओलसर पोत्यात चांगले राहतात. आणि वाटेत मेलेला खेकडा खायचा नाही, तो फार लवकर बिघडतो.

मग ते आलं ज्यासाठी मी हे सगळं मांडलं होतं.

आमच्याकडे रीत अशी की जिवंत खेकड्याच्या नांग्या मोडायच्या, मग पाय, मग कवच उपटायचं. आईनं आयुष्यभर तसंच केलं. मला ते करवेना. मी वाचून ठेवलं होतं. खेकडे अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवले. बाहेर काढले तेव्हा ते हलत नव्हते, नांगीला बोट लावलं तरी नाही. एकाला पाटावर उलटा ठेवला. झाकण उचललं. त्याच्या खाली मधोमध एक बारीक खळगा असतो. तिथं दाभण टेकवलं. खेकड्याचं मज्जाकेंद्र एक तिथं असतं आणि दुसरं पुढं, डोळ्यांच्या मागं. दोन्ही ठिकाणी दाभण घालावं लागतं.

मी बराच वेळ दाभण टेकवून बसलो. बायको भाकरीचं पीठ मळत होती, तिनं हात थांबवला. दाबलं तेव्हा आधी काहीच झालं नाही, मग एकदम काहीतरी सैल पडल्यासारखं आत गेलं. पाय एकदा ताणले आणि खाली आले. पाण्यासारखं निळसर काहीतरी पाटावर आलं. खेकड्याचं रक्त लाल नसतं. पुढच्या तिघांनाही मीच. चौथ्याच्या वेळी हात थरथरला नाही, आणि ते मला आवडलं नाही.

कल्ले काढून टाकायचे, कवचातला पिवळा गर वाटीत काढून ठेवायचा. बारीक पाय ठेचून, पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचे. रश्श्याची सगळी चव त्या गाळलेल्या पाण्यात असते. कांदा-खोबरं भाजून वाटलं, आलं-लसूण, घरचा कांदा-लसूण मसाला. गाळलेलं पाणी घातल्यावर रस्सा सारखा ढवळत राहायचा, नाहीतर फाटतो. आणि भरपूर शिजवायचा. निखाऱ्यावर अर्धाकच्चा भाजून खाणारे आहेत, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: ओढ्याच्या कच्च्या खेकड्यातून फुफ्फुसात जाणारा एक कृमी माणसाला होऊ शकतो, आणि त्याचा खोकला, थुंकीतलं रक्त अगदी क्षयरोगासारखं दिसतं.

नाचणीची भाकरी, रस्सा, भात. चार खेकड्यांत किती मांस निघणार? पण आम्ही तासभर जेवत होतो. एकेक नांगी फोडून, कोरून, चोखून. मुलगी कॉलेजातून आली होती. तिनं पाटावरचं सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, ‘मी फक्त रस्सा घेते.’ घेतला. रविवारच्या किलोभर चिकनचा अर्धा रस्सा आम्ही फ्रीजमध्ये ठेवतो आणि बुधवारी टाकतो. त्या दिवशी पातेलं भाकरीनं पुसून निघालं.

पुढच्या महिनाभरात मी सात-आठ वेळा गावी गेलो. चिलापीला, म्हणजे तिलापिया माशाला, गळ टाकायला शिकलो. नव्या माणसानं खरं तर तिच्यापासूनच सुरुवात करावी. ती इथली नव्हेच, १९५२ साली बाहेरून भारतात आणली आणि आता पाण्यापाण्यात माजली आहे. ती धरल्यानं ओढ्याचं काही कमी होत नाही, झालं तर इथल्या माशांना जागाच होते. गांडूळ लावलं की पोरासोरांच्याही गळाला लागते.

आणि मग हस्त लागला.

शनिवारी संध्याकाळी मी दोन सापळे लावले. एक नायलॉनच्या दोरीनं उंबराच्या मुळीला बांधला. दुसरा लावेस्तोवर अंधार झाला, दोरी घरी राहिली होती, म्हणून सुतळीनंच दगडाला बांधला. रात्री हत्तीचा पाऊस कोसळला. पहाटे ओढ्यापर्यंत जाता येईना. सोमवारी ऑफिसला पोचायचं होतं, मी निघून आलो. नानांना सांगितलंसुद्धा नाही. पुढच्या खेपेला एक सापळा मुळीला होता, दुसरा नव्हता. वाहून गेला म्हटलं आणि विषय सोडला.

दिवाळीनंतर नानांचा फोन आला. ‘तुजा सापळा घावलाय. ये.’ एवढंच.

सापळा अर्धा कोस खाली, करंजाच्या मुळ्यांत अडकला होता, पाण्यात, तोंड खालच्याच बाजूला. नानांनी त्याला हात लावला नव्हता. ‘तुजा हाय, तूच उगड,’ म्हणाले. बाहेर काढला तेव्हा वास आला. आत कवचांचा थर होता. काही रिकामी, काही अर्धी खाल्लेली, काहींत अजून पांढरं मांस. आतडी केव्हाच संपली होती. पहिले मेले, त्यांच्या वासानं पुढचे आले, ते अडकले, मेले, त्यांच्या वासानं आणखी. सहा आठवडे तो सापळा धरत राहिला होता आणि खायला कुणी नव्हतं. मी मोजले. एकोणीस. एक जिवंत होता, एकच नांगी राहिलेला. झाकणं उलटून बघितली तर बारा रुंद. त्या माद्या होत्या. नर सात.

नाना काठावर बसून होते. रागावले नाहीत. मी कवचं एकेक करून ओढ्यात टाकत होतो तेव्हा म्हणाले, ‘वाघर अशी कदी इसरून आलो न्हाय आमी. तिला धरून बसाय लागायचं.’

मी पुन्हा बुरुडाकडे गेलो. सापळ्याची मागची निमुळती बाजू उघडती ठेवता येईल का, आणि ती अशा कशानं बांधता येईल का, जे पाण्यात चार-सहा दिवसांत कुजून तुटेल? सापळा हरवला तर आपोआप मागून वाट मोकळी होईल. त्यांनी टोपली फिरवून फिरवून पाहिली. सुतळी नको म्हणाले, ती फार टिकते. आत गेले आणि केळीच्या सोपटाची पट्टी घेऊन आले. ओली करून पिळली, गाठ मारली, ओढून पाहिली. ‘ह्यो आठ दिस बी काडनार न्हाय,’ म्हणाले. प्रत्येक खेपेला नवं सोपट बांधावं लागेल, एवढीच कटकट.

घरी मी बादलीत पाणी घेऊन त्यात एक गाठ टाकून ठेवली. पाचव्या दिवशी ती बोटानं तुटली.

आता दोन्ही सापळे सोप्यात आहेत, वाघरीच्या पलीकडच्या खुंटीला. परसात केळीचे तीन खुंट लावलेत. यंदा मृग कोरडाच गेला, आर्द्रात ओढ्याला लाल पाणी आलं आणि चढणीच्या रात्री खाली बत्त्याच बत्त्या दिसत होत्या. मी पडवीत बसून होतो. नाना त्या रात्री ओढ्यावर गेले होते की नाही, हे मी त्यांना विचारलं नाही. सकाळी त्यांच्या दारात मासे साफ केल्याची खूण नव्हती. जाता जाता ते एवढंच म्हणाले, ‘भादव्यात पानी बसलं की फोन करतो. दोरी आन ह्या बारीला.’